लाल शाईतलं बंदर

मला पोहता येत नाही. शारजात अल मजाजला, खालिद लगूनच्या काठावर, दहा वर्षं राहिले. पण संध्याकाळी फिरायला गेले तरी कठड्यापासून चार हात लांबूनच चालायचे. आणि पोटासाठी काय करायचे, तर लोकांना बोटीत बसवायचे! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्याइतकी कुणालाच लागू पडली नसेल. दुबईची खाडी ओलांडायला लाकडी होड्या असतात, दहा मिनिटांत पलीकडे. मी त्यातसुद्धा कधी पाय ठेवला नाही. वळसा घालून टॅक्सीने जायचे.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आमची एजन्सी म्हणजे एका औषधाच्या दुकानावरची खोली, चार टेबलं आणि एक फॅक्स मशीन. पुढची तीन टेबलं विमानाची तिकिटं विकायची: मुंबई, कोची, कराची. तिथे दिवसभर गर्दी आणि ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला, आटपा. माझं टेबल सगळ्यात मागे, पाण्याच्या कूलरशेजारी, आणि माझ्याकडे क्रूझ. त्यातही कॅरिबियन समुद्र ही माझी खासियत. अमेरिकेत मुलं असलेली गुजराती आणि सिंधी जोडपी मुलांना भेटायला जायची आणि जाताच आहोत तर आठवडाभर बोटीतून फिरून येऊ म्हणायची. काही इंग्रज इंजिनियर असायचे. ती सगळी माझ्यासमोर बसून एकच विचारायची, की या मार्गाने जावं का त्या, आणि कुठल्या बंदरावर उतरलं तर धोका नाही.

त्यासाठी माझी वही होती. जाड, रेघी, प्रत्येक बंदराला एक पान. वेगवेगळी सरकारं आपल्या नागरिकांना सावधगिरीच्या सूचना देतात, त्या मी फॅक्सवर मागवायचे. माहितीपत्रकं वाचायचे. परत आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून त्याची उलटतपासणी घ्यायचे. आणि मग पानाच्या कोपऱ्यात शाईची खूण. हिरवी असेल तर खुशाल उतरा. निळी असेल तर बोटीवरच्या टूरबरोबरच उतरा. लाल असेल तर डेकवरून फोटो काढा आणि परत केबिनमध्ये जा.

“मंगळसूत्र केबिनच्या तिजोरीत ठेवायचं,” मी सांगायचे. “पासपोर्टची झेरॉक्स जवळ, पासपोर्ट बोटीवर. धक्क्यावर ‘माय फ्रेंड’ म्हणत जो येईल, त्याच्या टॅक्सीत बसायचं नाही. आणि घड्याळ बोटीच्या वेळेला लावायचं, गावाच्या नाही. बोट कुणासाठी थांबत नाही.”

आमचे मालक कपाळाला हात लावायचे. “मॅडम, आप टिकट बेचती हो या लोगों को डराती हो?” मी म्हणायचे, डरा हुआ आदमी वापस तो आता है. आणि माझी माणसं खरंच परत यायची आणि दुसऱ्यांनाही पाठवायची.

मला त्या वहीचा फार अभिमान होता. दुसरं अभिमान वाटावं असं काही नव्हतंच. एका फ्लॅटमधली एक खोली माझी. उरलेल्या दोन खोल्यांत केरळच्या दोन नर्स, दोघींच्या पाळ्या उलटसुलट. दारातल्या चपला आणि फ्रिजमधले डबे बघून कोण घरात आहे ते कळायचं. तीन वर्षांत आम्ही तिघी एकत्र एकदाही जेवलो नाही. शुक्रवार सुट्टीचा, म्हणून सगळ्यांना आवडायचा. मी मात्र गुरुवार दुपारपासूनच त्याचे तास मोजायला लागायचे. शुक्रवारी मी कपाट आवरायचे. ते आवरलेलं असायचं तरी आवरायचे.

आणि माझा एक नियम होता. गिऱ्हाइकाला कुठे जाताय, किती दिवस, कितीजण, सगळं विचारायचं; का जाताय, हे विचारायचं नाही. शेजारणीची वाटी आपल्याकडून रिकामी परत जात नाही, तसा विचारलेला प्रश्नही परत येतो. ‘आणि तुम्ही, ताई? इथे एकट्याच? गावी कोण?’ तो प्रश्न मला नको होता. म्हणून मी आधी कुणाला विचारतच नव्हते. याला मी सभ्यता म्हणायचे.

असल्याच एका गुरुवारी दुपारी काका आले.

साठीला टेकलेले, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. दुबईपलीकडच्या जबल अली बंदरात एका गोदामात स्टोअरकीपर होते, मूळचे वेंगुर्ल्याकडचे. कंपनीच्या बसने दुबईतल्या देऱ्यापर्यंत आणि पुढे शेअर टॅक्सीने शारजा, एवढा प्रवास करून आले होते, कारण कुणीतरी सांगितलं होतं, तिथे एक मराठी बाई आहे, तिच्याकडे वही आहे. त्यांनी पिशवीतून एका बोटीचं माहितीपत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. पासपोर्ट काढला. त्यात अमेरिकेचा व्हिसा आधीच मारलेला होता.

मला नवल वाटलं. जबल अलीचा स्टोअरकीपर, एकटा, आणि कॅरिबियन क्रूझ! आपला माणूस माझ्या टेबलाशी बसला की आधी दिरहमचा आकडा विचारायचा, मग रुपये काढायला मोठ्याने बाराने गुणायचा आणि ‘बाप रे’ म्हणून उठायचा. काकांनी गुणाकार केला नाही. मी काही विचारलं नाही.

ते मुलाला भेटायला चालले होते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही आणि माझा नियम तुम्हाला सांगितलाच आहे.

मुलगा त्याच बोटीवर स्वयंपाकघरात होता. काकांनी त्याच्यासाठी स्वतःच्या गोदामात नोकरी बघून ठेवली होती, व्हिसासुद्धा तयार होता. ‘डोक्यावर छप्पर, पायाखाली जमीन, अजून काय पाहिजे?’ असं त्यांचं म्हणणं. मुलाने ऐकलं नाही, तो बोटीवर गेला. मग त्याची आई वारली. मुलगा तेव्हा भर समुद्रात. बाराव्यालासुद्धा पोचणार नव्हता. त्याने कुठल्याशा बंदरावरून फोन केला, तेव्हा काका म्हणाले, ‘आता येऊन काय करणार? येऊच नकोस.’ मुलाने ते शब्दशः घेतलं. चार वर्षं गेली. काकांना ते वाक्य परत घ्यायचं होतं, आणि समोर उभं राहून घ्यायचं होतं. यासाठी ते निघाले होते.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं की बोट एक आठवडा या मार्गाने जाते आणि दुसरा आठवडा त्या. “ह्यातला कुठला बरा, ताई?”

मी वही उघडली. दोन्ही मार्गांवरची बाकीची बंदरं सारखीच होती, हिरवी आणि निळी. फरक एकाच दिवसाचा होता. पहिल्या मार्गावर तिसऱ्या दिवशी एक बंदर होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या गावाची बदनामी मी एकदा केली तेवढी पुरे. माझ्या वहीत ते लाल होतं. दुसऱ्या मार्गावर त्याऐवजी एक छोटं बेट होतं, बोटीच्या कंपनीनेच घेतलेलं. तिथे गाव नाही, बाजार नाही, टॅक्सी नाही. फक्त बोटीवरचे प्रवासी आणि बोटीवरचे नोकर. दिवसभर वाळूत बसायचं, दुपारी तिथेच जेवायचं, संध्याकाळी परत. माझ्या अख्ख्या वहीत त्या बेटाइतकं हिरवं पान नव्हतं.

“दुसरा,” मी म्हणाले. “डोळे मिटून दुसरा.”

काका पहिल्या मार्गावर बोट ठेवून बसले. “हे तिसऱ्या दिवसाचं बंदर... अगदीच वाईट आहे का?”

“लाल आहे.”

“नाही, म्हणजे लांब कुठे जायचं नाही. धक्क्याजवळच एखाद्या ठिकाणी बसून राहिलं तर? दुपारचे चार तास?”

“बसून कशाला राहायचं?” मी फटकन म्हणाले. “चार तास नुसतं बसायला अमेरिकेपर्यंत जायचं? आणि परक्या बाजारात एकटा वयस्कर माणूस चार तास एका जागी बसलेला दिसला, की लोक बरोबर हेरतात.”

त्यांनी मान हलवली. पुन्हा, “दिवसाउजेडी तरी?”

आता त्याच त्याच प्रश्नाने मला राग यायला लागला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी रोज बघत होते, तरी यांच्या हातातलं भांडं मला दिसलं नाही. मी वही त्यांच्याकडे फिरवली आणि लाल खुणेवर पेन आपटलं. “काका, मला विचारायला आलात ना? मग ऐका.”

खरं सांगायचं तर त्या लाल खुणेमागे होतं काय? दोन ओळींची एक जुनी सूचना, आणि माझ्या एका गिऱ्हाइकाची तिथे गेलेली पर्स. पर्स काय, आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारातही जाते. पण त्या बाई माझ्यासमोर रडल्या होत्या आणि मी त्याच दिवशी शाई बदलली होती. त्यानंतर किती माणसं तिथे उतरून धडधाकट परत आली, ते मी कधी विचारलं नाही. मी दूध न पिताच ताक फुंकत होते आणि इतरांनाही फुंकायला लावत होते.

काकांनी दुसरा मार्ग घेतला. उठताना एकच प्रश्न विचारला, “बोटीवर मासे मिळतील ना?”

“वेंगुर्ल्याचा माणूस!” मी हसले. “मिळतील काका, पण तुमच्या घरच्यासारखं तिरफळ घातलेलं कालवण नाही मिळणार.”

तेही हसले. “ते आता कुठेच नाही मिळत,” म्हणाले. मी काही विचारलं नाही.

महिनाभराने पुन्हा एका गुरुवारी ते आले. हातात खजुराचा डबा नाही की चॉकलेट नाही, नुसतेच आले. परत आलेल्याची उलटतपासणी घ्यायची माझी पद्धत, म्हणून मी चहा मागवला आणि वहीतलं बेटाचं पान उघडलं.

“काही त्रास?”

“छे. एकदम सेफ. तुम्ही सांगितलंत तसंच. काही म्हणता काही झालं नाही.”

मी लिहून घेतलं. मग ते कपाकडे बघत म्हणाले, “ताई, तिथे माझा मुलगा आहे.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. येतो म्हणून त्यांनी कळवल्यावर मुलाचं आलेलं पत्र खिशातून काढून दाखवलं. घड्यांवर फाटायला आलं होतं. बोटीवर स्वयंपाकघरातल्या माणसांना प्रवाशांच्या डेकवर यायची परवानगी नसते. पण त्या तिसऱ्या दिवसाच्या बंदरावर त्याला दुपारी चार तास सुट्टी असते. धक्क्यासमोर बाजार आहे, बाजाराच्या तोंडाशी झाडाखाली एक बाक आहे, तिथे बसा, मी येतो. असं त्याने लिहिलं होतं. बाप चार वर्षांनी यायला तयार झाला, तर मुलाने बाकसुद्धा शोधून ठेवला होता.

“अहो, मग सांगितलं का नाही मला?” माझा आवाज चढला. पुढच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

“घरातल्या गोष्टी... कसं सांगायचं,” काका म्हणाले. “आणि म्हटलं, बोट तर तीच आहे. आठ दिवस एका बोटीत राहून भेट होणार नाही, असं कसं होईल?”

पण तसंच झालं. मार्ग बदलल्याचं त्यांनी कळवलेलं पत्र मुलाला मिळालंच नव्हतं. बोटीच्या काउंटरवर त्यांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत एकदा सांगितलं, माय सन, किचन. काउंटरवरच्या माणसाने निरोप देतो म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा विचारायला काकांना संकोच वाटला. तिसऱ्या दिवशी पहाटे, बेट यायच्या आधी, केबिनच्या दाराखालून चिठ्ठी आली: बाबा, ह्या आठवड्यात सुट्टी नाही. बेटावर मी वाढायला असेन.

बेट सुरक्षित का असतं, तर तिथे सगळी कामं बोटीवरचेच लोक करतात. म्हणजे त्या दिवशी एकाही माणसाला सुट्टी नाही. हे मला माहीत होतं. वहीत मीच लिहिलं होतं, ‘सर्व सेवा बोटीच्या कर्मचाऱ्यांकडून’, आणि त्याखाली हिरवी रेघ मारली होती.

“मोठी रांग होती,” काका सांगत होते. “उघड्यावर निखारे, तीन-चार पोरं भाजतायत. माझा त्यात. टोपी घालून. बारीक झालाय. पाहुण्यांसमोर इंग्रजीच बोलायचं अशी त्यांची शिस्त, आणि मागे साहेब उभा. माझा नंबर आला तर म्हणाला, ‘चिकन ऑर फिश, सर?’”

“मग?”

“मी म्हटलं, चिकन. मासा तयार होता, ट्रेमध्ये मांडलेला, लगेच उचलून देत होते. चिकन भाजायला वेळ लागत होता, तोवर समोर उभं राहायला मिळायचं.” त्यांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. “पाच वेळा गेलो रांगेत. पाचही वेळा चिकन. भूक कुठली, ताई. चार ताटं तशीच टाकली.”

“बोललात का त्याच्याशी?”

“पाचव्यांदा मनाचा हिय्या केला. म्हटलं, अरे, ते मी फोनवर जे बोललो... एवढ्यात तो हळूच म्हणाला, ‘बाबा, मागचे लोक खोळंबलेत.’” काका जरा ताठ बसून म्हणाले, “कामाला चोख आहे.”

शेवटच्या सकाळी प्रवाशांना भराभर उतरवतात आणि त्याच दिवशी नवे प्रवासी घेतात. स्वयंपाकघरातल्या माणसाला मान वर करायला सवड नसते. काका धक्क्यावर सामान घेऊन उभे राहिले. एका गणवेशातल्या माणसाने त्यांना पुढे चला म्हणून सांगितलं.

मला त्यांची माफी मागायची होती. तोंडातून भलतंच निघालं. “पुन्हा जा, काका. पहिल्या मार्गाने. मी स्वतः सगळं बघते.”

“आता कुठलं? नोकरी खलास. पुढच्या महिन्यात कायमचा घरी. एक वन-वे तिकीट काढून द्या, तेवढ्यासाठी आलोय.” जाताना वळून म्हणाले, “तुमची चूक नाही हो. मी जे विचारलं त्याचं उत्तर तुम्ही बरोबरच दिलंत.” ते वाक्य त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं होतं. विचारलं त्यांनी होतं. मी काहीच विचारलं नव्हतं.

त्या शुक्रवारी मी कपाट आवरलं नाही. खोलीत बसून रडले. नर्सपैकी एकजण घरात होती, तिने दार वाजवून ‘दीदी, ठीक हो?’ विचारलं. मी हो म्हटलं, आणि ती गेली. इतकी वर्षं लोकांना न विचारून मी काय मिळवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. माझ्या ‘हो’च्या पुढे कुणी विचारत नव्हतं.

मग मी पत्र लिहायला बसले. धंद्यामुळे मला ठाऊक होतं की बोटीवरच्या नोकरांचं टपाल त्या त्या बंदरातल्या बोट कंपनीच्या एजंटकडे जातं. ज्या बंदराला मी कुणाला उतरू दिलं नाही, तिथल्याच एजंटच्या पत्त्यावर मी मुलाच्या नावाने पाकीट पाठवलं. मी कोण, काय केलं, सगळं लिहिलं. ‘तुमचे वडील फोनवरचं बोलणं परत घ्यायला आले होते. रांगेत पाच वेळा आले ते तुमच्यासमोर उभं राहायला. चिकन भाजायला वेळ लागतो म्हणून चिकन मागत होते. आता ते कायमचे घरी जात आहेत आणि तिथे एकटेच असतील. ते स्वतः हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.’ कुणाच्या घरात एवढं नाक मी आयुष्यात खुपसलं नव्हतं.

काका गेले. तिकीट देताना मी विचारलं, “तिकडे न्यायला कोण येणार आहे?” ते म्हणाले, “कोण येणार? रिक्षा मिळते.” त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारायला लागले, तिथे तुमचं कुणी आहे का? काही जण चिडायचे, काही जण तासभर बोलत बसायचे. उलटून मलाही विचारायचे आणि मी सांगायचे, कोणी नाही. सांगून काही मेले नाही.

तीनेक महिन्यांनी एजन्सीच्या टपालात माझ्या नावाचं एक कार्ड आलं. मला कधी काही येत नसे, म्हणून ऑफिसातल्या पोराने ते आधी मालकांना नेऊन दिलं आणि मालकांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं. चित्रात धक्क्यासमोरचा बाजार होता, रंगीत छत्र्या, फळं विकणाऱ्या बायका आणि झाडाखाली एक बाक. बाकावर दोन म्हाताऱ्या निवांत बसल्या होत्या. मागे निळ्या पेनने घाईतलं मराठी होतं.

‘मावशी, तुमचं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. कॉन्ट्रॅक्ट पंधरा दिवसांत संपतंय, इथून सरळ बाबांकडे जातो. त्यांना फोन करून सांगितलं आहे.’

त्याखाली, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात, अजून एक ओळ होती.

‘त्यांनी पाचही वेळा चिकन मागितलं तेव्हा मला वाटलं, आई गेल्यापासून बाबांनी मासे सोडले.’